दोन घरांमधला किराया

चंद्रपुरात घराचा सौदा ठरला की पहिली विचारणा होते ती ताब्याची. घेणाऱ्याचे बँकेचे कर्ज मंजूर झालेले असते, त्याला रजिस्ट्रीच्या दिवशीच किल्ली हवी असते. विकणाऱ्याचे दुसरे घर मात्र पक्के झालेले नसते, कारण पहिले विकल्याशिवाय दुसऱ्याचा पैसा उभा राहत नाही. मग नात्यातले कोणी सुचवते, "चार-सहा महिने किरायाने राहा ना, काय होते?" घरातली वडीलधारी माणसे याला सहजी तयार होत नाहीत. स्वतःच्या घरातून निघून किरायाच्या खोलीत गेले म्हणजे काहीतरी बिनसले, असा अर्थ गल्लीत काढला जातो. शिवाय दर महिन्याला हजारो रुपये दुसऱ्याच्या खिशात गेल्याची सल असतेच. या धास्तीपोटी अनेक कुटुंबे घाईने दुसऱ्या घराचा इसार देऊन मोकळी होतात.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत ही घाई फार महागात पडू शकते. पुण्या-नाशकात घर घेताना लोक बांधकाम बघतात, शाळा बघतात, रस्ता बघतात. इथे त्याआधी घराखालची जमीन कोणाची आणि कोणत्या वर्गाची, हे बघावे लागते.

झुडपी जंगलाचेच घ्या. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली दप्तरात खुरट्या झाडोऱ्याची, शेतीला निरुपयोगी, गुरे चारायला सोडलेली जमीन या नावाने नोंदली गेली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशा जमिनी पसरल्या आहेत. पुढे त्यांवर शाळा, दवाखाने, सरकारी कार्यालये, वस्त्या उभ्या राहिल्या, आणि दप्तरातली नोंद तशीच राहिली. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की झुडपी जंगल हे कायद्याच्या अर्थाने जंगलच आहे. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी ज्या जमिनी दिल्या गेल्या, त्यांच्यासाठी राज्याने केंद्राची मंजुरी घ्यावी, असा मार्ग न्यायालयाने दाखवला. त्या तारखेनंतरच्या वाटपाला मात्र कडक चौकशी लावली. एखादा प्लॉट स्वस्तात मिळतो आहे आणि सातबाऱ्यावर किंवा जुन्या अधिकार अभिलेखात ही नोंद आहे, तर तिचा निकाल लागेपर्यंत थांबणे एवढाच शहाणपणाचा मार्ग उरतो. थांबायचे तर डोक्यावर छप्पर हवे, आणि ते किरायाचेच असणार.

दुसरी गोष्ट आदिवासींच्या जमिनींची. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि विक्रीला परवानगी देण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांना राज्य सरकारची मान्यता लागते. १९७४ च्या दुरुस्तीपासून हे बंधन पक्के झाले आणि ते असायलाच हवे. त्याच्या अभावी या भागातल्या गोंड, माडिया, कोलाम कुटुंबांच्या हाती जमीन उरली नसती. तरीही शंभर रुपयांच्या मुद्रांकावर "कब्जा दिला" असे लिहून पैसे घेणारे मध्यस्थ भेटतात. असा कागद न्यायालयात टिकत नाही. जमीन मूळ मालकाला परत जाते आणि घेणाऱ्याचे पैसे बुडतात.

चंद्रपूर शहराच्या जुन्या भागात नझूलचा प्रश्न येतो. जमीन सरकारची, वापरणारा पट्टेदार. पट्ट्याचे नूतनीकरण झाले आहे का, हस्तांतराला परवानगी लागते का, भोगवटादार वर्ग २ चा वर्ग १ झाला आहे का, या प्रश्नांची उत्तरे एका दुपारी मिळत नाहीत. जिवती तालुक्यात तर महाराष्ट्र-तेलंगणा सीमेवरची १४ गावे अशी आहेत की दोन्ही राज्ये त्यांवर हक्क सांगतात.

आणि जमिनीखाली कोळसा आहे.

२६ ऑगस्ट २०२२ रोजी घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत गडप झाले. हादरा जाणवताच घरातली माणसे बाहेर पळाली म्हणून वाचली. घराच्या जागी साठ-सत्तर फूट खोल खड्डा पडला. खाली जुन्या भूमिगत कोळसा खाणीच्या पोकळ्या होत्या. भोवतालच्या कुटुंबांनाही आपापली घरे सोडून दुसरीकडे मुक्काम हलवावा लागला. त्यांनी घर विकले नव्हते, नवे घेतले नव्हते, आणि मधल्या काळातले घर मात्र त्यांच्या वाट्याला आले. घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा, भद्रावती, वरोरा या पट्ट्यात घर बघणाऱ्याने आपल्या पायाखाली जुनी खाण आहे का, आणि १९५७ च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्याखाली त्या गावाची अधिसूचना निघाली आहे का, हे तलाठ्याला आणि वेकोलि या सरकारी कोळसा कंपनीच्या क्षेत्रीय कार्यालयात विचारायलाच हवे. अधिसूचना निघालेल्या गावात घर घेणे म्हणजे दोन-चार वर्षांनी पुन्हा बिऱ्हाड हलवण्याची तयारी ठेवणे.

म्हणूनच या जिल्ह्यांत मधल्या किरायाकडे खर्च म्हणून न बघता पडताळणीचा काळ म्हणून बघावे. त्यातही ज्या मोहल्ल्यात घर घ्यायचा विचार आहे, तिथेच खोली घेता आली आणि एक पावसाळा काढता आला, तर कागद सांगत नाहीत त्या गोष्टी कळतात. चंद्रपूरला इरई आणि झरपट या दोन नद्यांचा वेढा आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द म्हणजे निळी पूररेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी नसते, तरी तिथे प्लॉट विकले गेले आहेत. २०२२ च्या पावसाळ्यात नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा ही रेषा अनेकांना पहिल्यांदा कळली. जुलैत किरायाने राहणाऱ्याला गल्लीत पाणी कुठवर चढते, नाली कुठे तुंबते, शेजारी सामान माळ्यावर कधी चढवतात, हे डोळ्यांनी दिसते. मे महिन्यात त्याच घरात कूलरला पाणी पुरते का, विहीर किंवा बोअर आटते का, हे समजते. पांढरा कपडा दोरीवर वाळत घातला आणि संध्याकाळी त्यावर बोट फिरवले की औष्णिक वीज केंद्राची राख आणि कोळशाच्या ट्रकची धूळ त्या भागात किती येते, याचा अंदाज येतो. दुर्गापूर-ऊर्जानगर परिसरात फेब्रुवारी २०२२ मध्ये वाघ आणि बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे मेली. तिथे पहाटे फिरायला कोण निघते आणि कोण निघत नाही, ही माहिती दलालाच्या जाहिरातीत सापडत नाही.

आता पैशाचा हिशेब. समजा, एका कुटुंबाने चंद्रपुरातले घर ४० लाखांना विकले. ही रक्कम बँकेत ६ टक्के व्याजाने ठेवली, तर वर्षाला २ लाख ४० हजार, म्हणजे महिन्याला २० हजार रुपये येतात. किराया ८ हजार धरला तरी व्याजातून तो भागून १२ हजार उरतात. व्याजावर कर लागतो आणि वर्षभरात नव्या घराची किंमत वाढूही शकते, हे खरे. ४० लाखांच्या घराची किंमत ५ टक्क्यांनी वाढली तर २ लाख जास्त मोजावे लागतील. तरीसुद्धा वादग्रस्त जमिनीत अडकणाऱ्या ४० लाखांपुढे हा आकडा लहान आहे. सामान दोनदा हलवण्याचा खर्च मात्र हिशेबात आधीच धरावा.

या काळात सर्वांत जास्त नुकसान होते ते आयकराच्या तारखा चुकल्याने. घर दोन वर्षांपेक्षा जास्त काळ मालकीचे असेल तर विक्रीचा नफा दीर्घ मुदतीचा धरतात. २०१० साली १२ लाखांना घेतलेले घर २०२५ मध्ये ४० लाखांना गेले, तर नफा २८ लाख आणि साडेबारा टक्क्यांनी कर साडेतीन लाख. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीनेही, म्हणजे महागाईचा निर्देशांक लावून २० टक्क्यांनी, हिशेब करता येतो. या उदाहरणात तो कर २ लाख ६० हजारांच्या आसपास येतो. वर उपकर वेगळा. पण हा नफा दुसऱ्या राहत्या घरात गुंतवला तर कर लागतच नाही. त्यासाठी विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांच्या आत घर विकत घ्यावे लागते, बांधायचे असेल तर तीन वर्षे मिळतात. १९६१ च्या कायद्यात हे कलम ५४ होते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यातही ही सवलत आहे.

लोक चुकतात ते पुढच्या पायरीवर. विवरणपत्राची मुदत, पगारदार आणि निवृत्तांसाठी सहसा ३१ जुलै, येईपर्यंत नवे घर झाले नसेल, तर न वापरलेला नफा साध्या मुदत ठेवीत ठेवून चालत नाही. तो १९८८ च्या भांडवली नफा खाते योजनेत जमा करावा लागतो. हे खाते ठरावीक बँकांतच उघडते आणि त्यांच्या ग्रामीण शाखांत उघडत नाही. भामरागड किंवा कोरचीच्या माणसाला त्यासाठी जिल्ह्याच्या गावी जावे लागते, म्हणून शेवटच्या आठवड्यावर हे काम ठेवू नये. नवे घर घेतल्यावर ते तीन वर्षांच्या आत विकले, तर मिळालेली सवलत हातची जाते.

किराया ठरवताना "ओळखीतले आहेत, कागद कशाला" हे वाक्य ऐकू येतेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम ५५ सांगते की करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे आणि ती टाळली तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज आपल्या राज्यात चुकीचा आहे. मुद्रांक शुल्क पाव टक्का, नोंदणी फी शहरात १ हजार रुपये, आणि सारे काम ऑनलाइन होते. नवे घर नक्की कधी मिळेल हे माहीत नसलेल्या कुटुंबाने करारात दोन ओळी आग्रहाने लिहून घ्याव्यात: एक महिन्याच्या सूचनेवर आधी सोडण्याची मुभा, आणि मुदत वाढवायची झाल्यास किराया किती. कारण मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याकडून कलम २४ नुसार दुप्पट किराया वसूल होऊ शकतो.

दुसरा मार्गही आहे आणि तो कमी वापरला जातो. घेणाऱ्याला लगेच राहायला यायचे नसेल, तर विकलेल्या घरातच सहा महिने किरायाने राहावे. सामान एकदाच हलते, मुलांची शाळा तुटत नाही. फक्त हा समझोता तोंडी ठेवू नये. विक्रीपत्रासोबतच वेगळा नोंदणीकृत भाडेकरार करावा.

ताडोबाच्या गाभ्यातल्या गावांनी हा मधला काळ वेगळ्या रीतीने पाहिला. २००७ मध्ये बोटेझरी आणि कोळसा गावातली कुटुंबे मूलजवळच्या भगवानपूरला गेली. पुढे नवेगाव (रामदेगी) आणि जामणीही उठले. व्याघ्र प्रकल्पातून स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला २००८ पासून १० लाखांचे आणि २०२१ पासून १५ लाखांचे पॅकेज आहे. पुनर्वसन न घेता रोख रक्कम घेणाऱ्यांचा पैसा मोठ्या प्रमाणात बँकेत ठेवून व्याज मिळू द्यावे, असे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिले आहे. जुने घर गेले, नवे झाले नाही आणि हाती रोकड आली, की ती लग्नात, मोटारसायकलीत, उसनवारीत विरते. शहरात घर विकणाऱ्यालाही ही सूचना तितकीच लागू आहे.

गडचिरोलीत स्थलांतराचा हंगामही बघावा लागतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, त्यामुळे ताब्याची तारीख जुलै-ऑगस्टमध्ये येणार नाही असे बघावे. जुन्या घराचे सागवानी फाटे, दारे, पाट्या सोबत न्यायच्या असतील तर वाहतूक परवान्याबद्दल वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारावे. सुरजागडची लोहखाण आणि कोनसरीचा पोलाद प्रकल्प यांमुळे एटापल्ली, आलापल्ली, चामोर्शी भागात किरायाच्या खोल्यांना मागणी आहे. तिथे घर विकण्याआधीच खोली बघून ठेवलेली बरी.

आणि इसार देण्यापूर्वी वकिलाकडून जमिनीचा ३० वर्षांचा शोध अहवाल लेखी मागा. तो हाती येईपर्यंत किरायाच्या घरात राहा, पण विक्रेत्याला एक रुपयाही देऊ नका.