सुट्टीचे चार दिवस : मुंबई की समुद्रकाठ?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'किमान वेतन' किंवा 'कंत्राटी कामगार' असे काहीतरी सांगेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर मी कारखान्यांच्या फाटकांपुढे पंचवीस वर्षे बोलत आलो आहे, आणि ज्यांनी ऐकायचे त्यांनी ते ऐकले आहे. आज मी सुट्टीवर बोलणार आहे. सुट्टी मिळवावी कशी यावर नव्हे, तर मिळालेली सुट्टी घेऊन जावे कुठे यावर. जळगावच्या कारखान्यात प्लास्टिकच्या चटया विणणारा असोद्याचा माणूस बायकामुलांना घेऊन चार दिवस बाहेर पडतो म्हटला, तर त्याच्यापुढे बहुधा दोनच नावे येतात : मुंबई, नाही तर कोकणचा समुद्र. देवदर्शन मी बाजूला ठेवतो. तिथली निवड आपण करीत नाही, बोलावणे येते असे मानतो.

प्रश्न किरकोळ वाटेल. पण हे चार दिवस आले कुठून ते पाहा. मुंबईच्या गिरणीकामगाराला रविवारची हक्काची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. भरपगारी रजा त्यानंतर पुष्कळ उशिरा आली. १९४८ च्या कारखाना कायद्याने ठरवले की, वर्षात २४० दिवस काम भरले तर पुढच्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा. २०२० साली मंजूर झालेल्या आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या नव्या संहितेने ती अट १८० दिवसांवर आणली. कागदावर हे ठीक आहे. प्रत्यक्षात कंत्राटी माणसाचे नाव मधेच कमी करून पुन्हा घालतात आणि त्याचे दिवस भरतच नाहीत. ज्याचे भरतात, त्याची रजा पेरणीत, लग्नात, दवाखान्यात जाते. उरतात ते हे चार दिवस. त्यामागे दोन-तीन पिढ्यांची भांडणे आहेत, म्हणून ते कुठेही उधळून टाकावेत असे मला वाटत नाही.

आता जरा दूरची गोष्ट सांगतो, पण ती आपल्या शेताच्या बांधापर्यंत येते. इंग्लंडात लँकेशायर म्हणून कापडगिरण्यांचा मुलूख होता. १८४६ साली तिथल्या ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावी रेल्वे गेली. पुढे पुढे अशी रीत पडली की, वर्षातून एक आठवडा एका गावच्या साऱ्या गिरण्या बंद ठेवायच्या आणि गावच्या गाव उठून समुद्रावर जायचे. पुढच्या आठवड्यात दुसरे गाव. पहिल्या काळात या आठवड्याचा पगार मिळत नसे, म्हणून कामगार वर्षभर सुट्टीची भिशी लावीत. फ्रान्सात १९३६ सालच्या मोठ्या संपांनंतर दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा झाला, कमी भाड्याचे रेल्वे तिकीट निघाले, आणि आयुष्यात समुद्र न पाहिलेली हजारो माणसे त्या उन्हाळ्यात किनाऱ्यावर उतरली.

यातली आपल्या बांधाची गोष्ट ही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरला पोचेना, तेव्हा खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो मुंबईच्या बंदरातून गेला, आणि त्या पैशावर मुंबईने अंग धरले. राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला तो प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून, आणि ते कापसाच्या व्यापारात मोठे झालेले गृहस्थ होते. म्हणजे आपल्याकडच्या कापसावर मुंबई उभी राहिली आणि लँकेशायरच्या चात्याही फिरल्या. त्या चात्यांवरचा माणूस समुद्रावर जाऊन आला. कापूस वेचणारी बाई मात्र कुठेच गेली नाही.

या हिशेबाने मुंबई पाहणे हा आपला हक्कच आहे, आणि तरुणपणी मी तसेच मानीत असे. मुले लहान होती तेव्हा मी घरच्या मंडळींना घेऊन चार दिवस मुंबईला गेलो. उतरलो कल्याणपलीकडे एका नातेवाइकाकडे, दोन खोल्यांच्या जागेत. जळगाव ते मुंबई हे अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या घरातले. रात्री गाडीत बसले की सकाळी दारात. वाटले, चारही दिवस आपले. पण रोज लोकलने जाण्यायेण्यातच तीन-साडेतीन तास जात. राणीचा बाग बघायला गेलो तो बुधवारी, आणि बुधवारी तो बंद असतो. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, हे आधी कळले म्हणून तेवढे वाचलो. मुलांना बोरीबंदरचे स्टेशन दाखवले आणि १८५३ साली पहिली गाडी इथून ठाण्याला सुटली हे सांगितले. मग परळ-लालबागला नेऊन १९८२ च्या संपातल्या गिरण्या कुठे कुठे होत्या ते दाखवले. त्यांचे पाय दुखत होते आणि मी बोलत होतो. समुद्र पाहिला तो शेवटच्या संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर, दिवे लागल्यावर, म्हणजे पाहिला असे म्हणायचे. खर्च किती झाला ते मी लिहून ठेवले होते. घरच्या मंडळींनी चार दिवसांत किती पोळ्या लाटल्या ते कुणी लिहून ठेवले नव्हते. पाहुणी म्हणून गेलेली बाई दुसऱ्याच्या ओट्यापाशी उभी राहते. न राहावे तर बरे दिसत नाही. परतीच्या गाडीत ती एवढेच म्हणाली, "तुमची सुट्टी झाली. माझी फक्त जागा बदलली."

या वाक्याला मी उत्तर शोधले नाही. बाहेर मात्र 'कामाचे तास आठ' यावर भाषणे करीत राहिलो.

पुढे काही वर्षांनी रत्नागिरीला गेलो. कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत पुरी झाली नसती तर हे आमच्या आवाक्यातले नव्हते. आपल्याकडून जायचे तर निजामुद्दीनहून एर्नाकुलमला जाणारी मंगला एक्सप्रेस भुसावळ, कल्याण, पनवेल करीत रत्नागिरीला जाते. नाही तर मुंबई गाठून गाडी बदलायची, आणि तिथून पुन्हा साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर. जाणे-येणे धरून दोन दिवस प्रवासातच जातात. म्हणून आम्ही एक आठवड्याची सुट्टी आणि एक दिवस बिनपगारी जोडून सहा दिवस केले. उतरलो एका घरगुती खानावळीच्या माडीवर. समोर ताट वाढून येई. दुसऱ्या दिवशी घरच्या मंडळी मांडवीच्या किनाऱ्यावर दोन तास नुसत्या बसून होत्या. मी विचारले, काय पाहिले? तर म्हणाल्या, "काही नाही. इथं कोणी हाक मारत नाही."

तरी समुद्रकाठ म्हणजे सुखच, असे मी म्हणणार नाही. आपले लोक मे महिन्यात निघतात, कारण मुलांच्या शाळा तेव्हा बंद असतात. इथे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर असतो, तिथे तेहतीस-चौतीसवर. दहा अंशांचा फरक ऐकून आपण हुरळतो आणि तिथे पोचल्यावर घामाने बेजार होतो. कारण असे : आपली हवा कोरडी, घाम आला की लगेच उडतो आणि उडताना अंगाची उष्णता घेऊन जातो. किनाऱ्यावरच्या हवेत आधीच पाण्याची वाफ भरलेली, म्हणून घाम अंगावरच राहतो. दुपारनंतर मात्र बरे वाटते, त्याचेही कारण आहे. उन्हाने जमीन लवकर तापते, पाणी सावकाश. तापलेल्या जमिनीवरची हवा वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरून वारा येतो. म्हणून किनाऱ्यावर सकाळी दहा ते दोन घरात राहावे आणि चारनंतर बाहेर पडावे. जूनपासून तर समुद्राकडे पाहावे, पाण्यात उतरू नये. जून-जुलै मासेमारीलाही बंदी असते. जे रोज पाण्यावर जातात तेच तेव्हा जात नाहीत. खरा महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला. दिवाळीची सुट्टी जवळ आली की मी सर्वांना हेच सांगतो.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. आपण नदीकाठची माणसे. नदी एकाच दिशेने वाहते आणि समुद्र येतो-जातो, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला उमगत नाही. दिवसरात्रीत दोनदा भरती येते, आणि दुसऱ्या दिवशी तीच भरती सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. आपल्या किनाऱ्यावर जुना आडाखा आहे : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता, चतुर्थीला तीन वाजता. अगदी काट्यावर नाही, पण लहान मुलांना घेऊन खडकांवर जाणाऱ्याला उपयोगी पडेल इतका खरा. तरीही पाण्यात उतरण्याआधी तिथल्या कोळ्याला विचारावेच. पंचांग आपल्याजवळ असले तरी खळगे कुठे आहेत ते त्यालाच ठाऊक असते.

इथे कुणी म्हणेल, समुद्रच पाहायचा तर सुरत जवळ आहे. खरे आहे. आपली तापी तिकडेच जाऊन समुद्राला मिळते, जळगावहून थेट रेल्वे आहे, आणि सुरतेच्या उधना-लिंबायत भागात आपल्या खानदेशची इतकी माणसे आहेत की, अहिराणी ऐकत रस्त्याने चालता येते. डुमसचा किनारा शहरापासून जवळ. पण खंबायतच्या आखातात भरती-ओहोटीतले अंतर फार मोठे असते. ओहोटीच्या वेळी गेलात तर पाणी दूर सरकलेले आणि समोर काळी वाळू नि चिखल. तिथी पाहून जा. आणि नातेवाईक तिथेही आहेत, म्हणजे ओटाही आहे.

मग मुंबई नकोच काय? तसे नाही. मोठ्या मुलामुलींना मुंबई दाखवलीच पाहिजे. बंदर, संग्रहालये, नाटक, आपल्या कापसाची गोष्ट, जिथे संप झाले ते रस्ते हे रत्नागिरीत सापडणार नाही. हातात दोनच दिवस असतील तर कोकणचे नाव काढू नये, कारण ते दिवस रुळांवरच संपतील, मुंबई करावी. मात्र एका दिवसात एकच भाग पाहावा, आज फोर्ट तर उद्या भायखळा. नातेवाइकांना भेटायला जावे, मुक्कामाला जाऊ नये. दादर-परळकडे साध्या लॉजमध्ये उतरले तर खर्च वाढतो, पण रोजचे तीन तास आणि घरातल्या बाईची सुट्टी, दोन्ही वाचतात. घरात म्हातारे माणूस किंवा तान्हे मूल असेल, आणि दिवस पाच-सहा असतील, तर समुद्रकाठ. बाकी साऱ्या गोष्टी पैशाच्या, आणि लोक समजतात तितकी त्यात तफावत नसते. मुंबईत राहण्यावर वाचवलेले रिक्षा-टॅक्सीत जातात, कोकणात रेल्वेला दिलेले जेवणात भरून निघतात.

यंदा आमच्या युनियनची सहल ठरायची आहे. आजवर हात वर करून मत घेत असू, आणि सभेला पुरुषच असत, म्हणून दरवर्षी मुंबई निघे. या वेळी आम्ही चिठ्ठ्या घरोघर पाठवल्या आहेत आणि वर लिहिले आहे : ज्या घरात जो स्वयंपाक करतो, त्याने भराव्यात. अजून निम्म्या यायच्या आहेत. ज्यांच्या राहिल्या त्यांनी येत्या रविवारपर्यंत द्याव्यात, कारण रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते आणि दिवाळीनंतरच्या गाड्या पहिल्याच दिवशी भरतात.