मद्य आणि मेंदूचा लगाम

धर्मग्रामातील एखाद्या मद्यपी बंधूविषयी आपण सहज म्हणतो, ‘मनात आणले तर आजच सोडील!’ असा निवाडा करण्यापूर्वी मद्य मेंदूत काय घडविते हे जाणून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

मेंदूतील काही चेतापेशी इतर पेशींना उत्तेजित करतात. ‘इंटरन्यूरॉन’ म्हणजे आंतरचेतापेशी मात्र आसपासच्या पेशींशीच जोडलेल्या असतात व त्यांतील बहुसंख्य ‘गाबा’ हे रसायन सोडून त्या उत्तेजनेला आवर घालतात. घोड्याला लगाम, तशा या पेशी. मद्य गाबाचा परिणाम वाढविते आणि उत्तेजक ग्लुटामेटचा घटविते; म्हणून जीभ जडावते, तोल जातो. मद्यपान नित्याचे झाले की मेंदू नेमका याच्या उलट दिशेने स्वतःला जुळवून घेतो.

उंदरांना स्वेच्छेने मद्य पिऊ देऊन केलेल्या प्रयोगांत, मेंदूच्या पुढील भागातील या पेशींची उत्तेजनक्षमता बदललेली आढळली आहे. पेशींच्या प्रकारानुसार आणि नर-मादीनुसार हा बदल निराळा असतो. मोह आवरणे, निर्णय घेणे या कामांत माणसाच्या मेंदूचा पुढील भाग महत्त्वाचा असतो. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. तरीही ज्या साधनाने मोह आवरावयाचा, तेच मद्याने दुखावते, असे यातून सूचित होते.

यात एक गंभीर धोकाही आहे. सरावलेल्या शरीराचे मद्य एकाएकी तोडल्यास उत्तेजना बेलगाम होते. हात थरथरतात, फिट येते, भ्रम होतो. प्रसंगी प्राणही जातो. म्हणून वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्यास शपथ घालून घरात कोंडू नये. प्रथम डॉक्टरांकडे न्यावे. आपल्या पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली येरवड्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे उपचारांबरोबर समुपदेशन होते आणि कुटुंबीयांनाही आधार मिळतो.

ख्रिस्तसभेची धर्मशिकवण मद्याचा अतिरेक टाळावयास सांगते (परिच्छेद २२९०). सवयीमुळे माणसाची नैतिक जबाबदारी कमी होऊ शकते, हेही ती मान्य करते (परिच्छेद १७३५). तेव्हा अतिरेकाला आपण चांगले म्हणू नये, पण त्यात अडकलेल्या बंधूला दूरही लोटू नये. त्याच्यासाठी प्रार्थना अवश्य करावी आणि त्याच्यासोबत दवाखान्याची पायरीही चढावी.