मालाची वाट (लेखांक ६) : अडते ते फाट्यावर

गेल्या आठवड्यात कंटेनर जहाजावरून उतरून न्हावा-शेवाच्या यार्डात आला होता. आता तो ट्रेलरवर चढतो आणि खरी परीक्षा सुरू होते. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या बंदराने २०२४-२५ मध्ये वीस फुटी मापाने ७० लाखांहून अधिक कंटेनर हाताळले. तरीही बंदरातून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला लागेपर्यंत वाहनांचे दोन ते तीन तास जातात, असे केंद्र सरकारच सांगते. यावर रस्ते रुंद करा, हे उत्तर लगेच सुचते. ते करूनही झाले. बंदराचे रस्ते पूर्वीपेक्षा बरेच रुंद आहेत. पण अडते ते फाट्यावर. पळस्प्याला गोव्याची, जुन्या पुणे रस्त्याची आणि बंदराची वाहतूक एकमेकींत शिरते; कळंबोलीला त्यात मुंबई आणि ठाण्याकडची भर पडते. भरलेला चाळीस फुटी ट्रेलर सिग्नलला थांबला की पहिल्या गिअरमध्ये कण्हत सुटतो आणि वळताना शेजारची मार्गिकाही अडवतो. दोन-चार ट्रेलर निघतात, तोवर दिवा पुन्हा लाल. मागे आठ मार्गिका असल्या, तरी तिथे फक्त रांग रुंद होते.

म्हणूनच मार्च २०२५ मध्ये मंजूर झालेला पागोटे-चौक हा सहापदरी नवा मार्ग मला योग्य वाटतो. सुमारे २९ किलोमीटर लांबीचा आणि साडेचार हजार कोटींचा हा रस्ता डोंगरातून दोन बोगद्यांनी जाईल आणि पुणे-गोव्याकडचा माल पनवेलच्या गर्दीत शिरूच देणार नाही. नाशिक-गुजरातकडच्या गाड्यांना कळंबोली चुकणार नाही, पण तिथला भार हलका होईल. (शिवडीला जोडणाऱ्या अटल सेतूने मुंबईकरांची सोय झाली, पण कारखाने आणि गोदामे घाटापलीकडे, भिवंडीकडे असताना कंटेनरने शिवडीला जाऊन करायचे काय?)

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की एवढे पैसे रेल्वेवर का खर्च करू नयेत? दिल्लीकडच्या मालासाठी रेल्वेच हवी, यात वाद नाही. पण चाकणचा माल शे-सव्वाशे किलोमीटरवरून येतो. तो आधी ट्रकने स्थानकावर न्यायचा, गाडीत चढवायचा, पुन्हा उतरवायचा. या चढ-उतारीतच रेल्वेची बचत संपते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : नवा रस्ता केला की तोही भरतो. मात्र कंटेनर रस्ता पाहून वाढत नाहीत, ते व्यापारावर ठरतात. रस्ता भरतात मोटारी आणि त्याच्या कडेला उगवणाऱ्या वसाहती. तेव्हा चढ-उताराची ठिकाणे मोजकीच ठेवली आणि प्रत्येक गृहप्रकल्पाला तोंड उघडून दिले नाही, तर तो मालाचाच राहील. आपल्याकडे हा संयम क्वचितच टिकतो, हे मान्य.

आणि रस्ता कितीही मोकळा केला तरी बंदराच्या दाराशी शिस्त हवीच. निर्यातीचा माल जहाजाच्या मुदतीआधी शेवटच्या घटकेला एकदमच लोटतो. कागद अपुरा असलेला एक ट्रेलर अडला की मागची रांग जागची हलत नाही. मग चालक सर्व्हिस रोडवर गाडी लावून झोपतात, आणि बंदराजवळच्या जासई-करळच्या माणसाला स्वतःच्या घरी जायला वाट उरत नाही. या गावांच्या भागातल्या जमिनी या बंदरासाठी आणि नव्या मुंबईसाठी आधीच गेल्या आहेत. बंदराने वाहनतळ बांधला आहे. आता ठरलेल्या वेळेचे टोकन असल्याखेरीज ट्रेलर तिथून दाराकडे सोडू नये. त्याला बोगद्याएवढा खर्च नाही आणि बोगदे होईपर्यंत थांबायचीही गरज नाही.