अज्ञात विमाने आणि सरकारी दप्तरे

उडत्या तबकड्यांचे नाव काढताच सुशिक्षित वाचकाच्या ओठांवर स्मित उमटते, हे आम्ही जाणून आहोत. आमच्याही उमटते. परंतु १९४७ ते १९६९ या काळात अमेरिकेच्या हवाई दलाने अशा वार्तांची जी दप्तरे ठेवली, ती हसण्यावारी नेण्याजोगी नाहीत. एकूण नोंदी १२,६१८. त्यांपैकी ७०१ चा उलगडा शेवटपर्यंत झाला नाही. बाकीचे बहुधा ग्रह, उल्का, फुगे किंवा साधी विमाने निघाली. सी. आय. ए. च्या इतिहासकाराने तर १९९७ साली लिहिले की, पन्नास-साठच्या दशकांतील निम्म्याहून अधिक वार्तांचे मूळ आपल्याच गुप्त टेहळणी विमानांत होते. म्हणजे नोंदणारे सरकार तेच, आणि लपविणारेही तेच!

तबकड्यांची पद्धतशीर चौकशी अमेरिकेत सुरू झाली ती १९४८ साली. त्याच साली कराचीहून निघालेली लँकेस्ट्रियन विमाने, भारताची नाकेबंदी चुकवून, रात्रीच्या अंधारात हैदराबाद संस्थानात शस्त्रे उतरवीत होती. बीदर आणि वरंगळ येथे ती येत. सूत्रधार सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन. महायुद्धाच्या तोंडावर जर्मनीची चोरून हवाई छायाचित्रे घेणारा तोच हा गृहस्थ. आणि बीदर म्हणजे काही परमुलूख नव्हे. आज लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. नांदेडचे देगलूरही तेथून दूर नाही. रझाकारांच्या धास्तीने दारे लावून बसलेल्या त्या गावांत कोणी डोक्यावरून घरघरत जाणारा दिवा पाहिलाच असेल, तर त्याने तो सांगावा कोणाला? तहसीलदार निजामाचा, पोलीस निजामाचे, आणि विमानेही निजामाच्याच कामावरची! लंडनमध्ये पुढे कॉटनवर खटला होऊन त्याला दंड झाला. त्याचे कागद तेथे असतील. ओसरीवरून वर पाहणाऱ्या माणसाचा जबाब त्यांत कोण शोधणार?

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात ध्वजवंदन होते, भाषणे होतात. त्या वेळची दहा वर्षांची मुले आज पंचाऐंशी ओलांडून गेली आहेत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाने आपले इतिहासाचे विद्यार्थी वही देऊन उदगीर, निलंगा, देगलूरकडे धाडावेत आणि त्या पावसाळ्यात रात्री आकाशात काय दिसले, काय ऐकू आले, एवढेच विचारून तारखेसह लिहून घ्यावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. आम्ही काही वर्षे शिक्षकी केली आहे. वृद्धांना बोलते करणे प्राध्यापकांपेक्षा पोरांना अधिक साधते, हे आम्ही पाहिले आहे.