रोहित्र-निरोधनाचे शुष्कीकरण

तेलात बुडविलेल्या विद्युत् रोहित्राच्या गुंडाळ्यांवरील कागद, प्रेसबोर्ड इ. घन निरोधकांतील व तेलातील पाणी काढून टाकण्याची क्रिया. कागद सेल्युलोजाचा बनलेला असल्याने अत्यंत जलशोषक असतो. उघड्या हवेत त्यात वजनाच्या ६ ते ८ टक्के पाणी सामावते. पाण्यामुळे निरोधकाची विद्युत् दाब सहन करण्याची क्षमता घटते आणि कागदाचे तंतू लवकर तुटतात. पाण्याचे प्रमाण दुप्पट झाल्यास कागदाचे आयुष्य स्थूलमानाने निम्मे होते. म्हणून नव्या रोहित्राच्या कागदातील पाणी कारखान्यातच सु. ०·५ टक्क्यापर्यंत उतरवितात. त्यासाठी मोठी रोहित्रे निर्वात भट्टीत केरोसिनासारख्या द्रवाच्या बाष्पाने सु. १२०° से.पर्यंत तापवितात.

वापरातील रोहित्राच्या बाबतीत तेल गाळले म्हणजे रोहित्र वाळले, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. एखाद्या रोहित्रात २ टन कागद व १० टन तेल आहे असे मानू. कागदात २ टक्के पाणी असल्यास ते ४० किग्रॅ. भरते, तेलात दशलक्ष भागांस २० भाग असल्यास ते अवघे ०·२ किग्रॅ. होते. गाळलेल्या तेलात कागदातील पाणी पुन्हा उतरते. शिवाय तेलाची पाणी विरघळविण्याची क्षमता तापमानानुसार बदलते : २०° से.ला दशलक्ष भागांस सु. ५५ भाग, तर ६०° से.ला सु. २४० भाग. तापलेल्या रोहित्रात पाणी कागदातून तेलात येते, थंड झाल्यावर सावकाश परतते. परिणामी थंड रोहित्रातील तेलाचा नमुना चाचणीत उत्तम ठरतो, पण कागद ओलाच असतो.

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेत असूनही तेथे हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण तो पावसाहून रोहित्रावरील भाराच्या चढउताराशी अधिक निगडित आहे. भार उतरला की तेल आकुंचन पावते व बाहेरची हवा ब्रीदरमधून आत ओढली जाते. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर इ. ठिकाणच्या साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत चालतो. सहवीजनिर्मितीची वीज बाहेर पाठविणारी रोहित्रे त्यामुळे नेमकी पावसाळ्यात भारविरहित, थंड राहतात. या काळात घेतलेल्या नमुन्यावर विसंबणे धोक्याचे असते. पूर्ण भार अचानक आल्यास कागदातील पाणी तेलात उतरते. कागदात २ टक्के पाणी असल्यास अतिभाराने गुंडाळी सु. १४०° से.पर्यंत तापल्यावर वाफेचे बुडबुडेही निर्माण होऊ शकतात. याकरिता बॉयलर अग्निप्रदीपनापूर्वी निरोधक रोध मोजून, आवश्यक वाटल्यास ६०°–६५° से. तापमानाचे तेल निर्वात गाळणयंत्रातून अनेक दिवस फिरविणे श्रेयस्कर. गुंडाळी स्वतः तापवून टाकी निर्वात केल्यास कागद अधिक लवकर वाळतो.

भिगवण येथील कागदनिर्मिती किंवा बारामतीतील दुग्धप्रक्रिया हे वर्षभर चालणारे उद्योग आहेत. अशा ठिकाणी रोहित्र बंद ठेवणे परवडत नसल्यास तेल रेण्वीय चाळणीतून सतत फिरविले जाते. ही पद्धत मंद असून कागद वाळण्यास कित्येक महिने लागतात.

सर्वांत हाल होतात ते शेतीपंपांच्या ६३ व १०० केव्हीए रोहित्रांचे. ठराविक तासांच्या पुरवठ्यामुळे ती रोज तापतात व निवतात. ब्रीदरमधील निळे सिलिका जेल ओलाव्याने गुलाबी झाले, तरी ते वेळेवर बदलले जातेच असे नाही. तेलाची चोरी झाल्यास गुंडाळी उघडी पडते. जळालेल्या रोहित्राची गुंडाळी नव्याने भरल्यावर ती उष्ण हवेच्या भट्टीत सु. १००° से.ला वाळवितात व दर काही तासांनी निरोधक रोध मोजतात. तापमान वाढताना हा रोध प्रथम घसरतो, पाणी निघू लागले की चढतो व अखेर स्थिरावतो. रोध स्थिर होण्यापूर्वी भट्टी बंद करू नये. उसाला पाणी देण्याच्या घाईत या शेवटच्या तासांचीच काटछाट होते आणि तेच रोहित्र थोड्याच दिवसांत पुन्हा दुरुस्तीला येते. तोवर उभे पीक सुकते. भट्टीतून काढलेली गुंडाळी गरम असतानाच टाकीत बसवून तेलाखाली घ्यावी लागते, कारण उघडी राहिल्यास ती हवेतील ओलावा पुन्हा शोषू लागते.