जुन्या पिकअपचं ॲव्हरेज कुठे गळतं?

पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरून निघालेली पिकअप वाशीला पोचेपर्यंत सुमारे 200 किलोमीटर धावते. या वाटेवर तिचं माहेर आहे म्हटलं तरी चालेल. नाशिकच्या सातपूरमध्ये बोलेरो बनते, तिथेच मायकोच्या, म्हणजे आजच्या बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजिनांची नोझल बनत आली आणि पुढे इगतपुरीला महिंद्राचा इंजिनांचा कारखाना लागतो. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्यावर सुरू झालेली ही डिझेल इंजिनांची परंपरा पुढे 2523 सीसीच्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनापर्यंत आली. या इंजिनावरच्या, यांत्रिक पंपाच्या हजारो पिकअप आजही राज्यभर भाजी, दूध, सिमेंट, मंडपाचं सामान वाहतात. टाटाची 207 डीआय त्याच पिढीतली.

या गाड्यांची मोठी खूण म्हणजे त्यांच्या इंजिनाला कॉम्प्युटर लागत नाही. पंप, नोझल, हवा आणि दाब एवढ्यावर इंजिन चालतं. गावातल्या मिस्त्रीला ते कानाने कळतं. म्हणून जुनी गाडी विकून नवी, सेन्सरांनी भरलेली गाडी हप्त्यावर घेण्याआधी मालकाने आहे त्या गाडीचा हिशेब एकदा नीट मांडावा. ॲव्हरेज पडलं की आपल्याकडे पहिला संशय पंपावर जातो. प्रत्यक्षात पंपाइतकंच, कधी त्याहून जास्त डिझेल गाडीच्या बाकीच्या अंगातून जात असतं.

आधी आकडे. एक लिटर डिझेलमध्ये साधारण 10 युनिट, म्हणजे 10 किलोवॉट-तास ऊर्जा असते. त्यातली फार तर एक तृतीयांश चाकापर्यंत येते. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जाते. चाकाशी आलेली ताकद तीन ठिकाणी खर्च होते: टायरच्या दबण्यात, वारा कापण्यात आणि चढ चढण्यात. ब्रेकने जे जाळलं ते वेग घेताना किंवा चढ चढताना आधी कमावलेलं असतं.

भरलेली पिकअप, समजा 3 टनांची, 55 च्या वेगाने सपाटीवर चालली असेल तर निम्म्याहून अधिक ताकद टायरमध्ये जाते. पण वेग 80 केला की चित्र पालटतं. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे 55 वरून 80 ला गेल्यावर तो दुपटीहून जास्त होतो. पिकअपचा चौकोनी चेहरा आणि उघडा हौदा धरून ढोबळ हिशेब केला तर दर 100 किलोमीटरला दोनेक लिटर डिझेल निव्वळ वारा कापायला जादा लागतं. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था, म्हणजे पीसीआरए, गेली कित्येक वर्षं 45 ते 55 चा वेग ठेवा म्हणून सांगते, त्यामागे हेच गणित आहे. टोमॅटो वेळेवर पोचला नाही तर भाव पडतो, हे मला मान्य आहे. पण परतीच्या रिकाम्या गाडीला कसली घाई असते? निदान तेवढी फेरी तरी सावकाश यावी. आणि ताडपत्री ढिली फडफडत असेल तर ती आवळून बांधावी. तिच्या फडफडीची किंमतही डिझेलच मोजतं.

आता घाट. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे आणि वाशी जवळजवळ समुद्रसपाटीला. 1.7 टनांची रिकामी गाडी परत वर आणायला निव्वळ चढापोटी एक लिटरच्या आसपास डिझेल लागतं. ते टळत नाही. पण जाताना 3 टनांची भरलेली गाडी तीच उंची उतरते आणि ती उंची फुकटची ताकद आहे. ती कशी वापरायची याबद्दल ड्रायव्हर मंडळींमध्ये एक घातक गैरसमज मुरलेला आहे: उतारावर गाडी न्यूट्रल केली, त्याहून पुढे जाऊन इंजिनच बंद केलं, की डिझेल वाचतं.

यांत्रिक पंपात गव्हर्नर नावाची रचना असते. गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला आणि इंजिनाचे फेरे आयडलिंगपेक्षा वर असले, तर गव्हर्नर डिझेलचा पुरवठा पूर्ण तोडतो. चाकंच इंजिन फिरवतात आणि त्या काळात नोझलमधून थेंबही पडत नाही. याउलट न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःच्या दमावर चालावं लागतं. अडीच लिटरचं इंजिन नुसतं उभ्या उभ्या तासाला अर्धा लिटर किंवा त्याहून थोडं जास्त पितं. म्हणजे कसाऱ्याचा घाट न्यूट्रलमध्ये उतरणारा वाचवत काहीच नाही, उलट थोडं जाळतोच. वर सगळं वजन ब्रेकवर येतं, ड्रम तापतात, लायनर जळतात आणि खाली पोचेपर्यंत ब्रेक लागेनासे होतात.

इंजिन बंद करणं तर याहून भयंकर. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा आपोआप व्हॅक्युम तयार होत नाही, म्हणून ब्रेकच्या बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्युम पंप असतो. बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. इंजिन थांबलं की तो थांबतो. दोन-तीनदा पाय दाबला की बूस्टरमधला साठा संपतो आणि मग पायाखालचं ब्रेक पेडल दगडासारखं होतं. ज्या गियरमध्ये घाट चढाल त्याच गियरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम सुरक्षिततेचा आहेच, डिझेल वाचवण्याचाही तोच आहे.

नको ते काढून गाडी सोपी करण्याचा विषय निघाला की आपल्याकडे हात भलत्याच वस्तूंवर पडतो. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट वॉल्व्ह काढून फेकणं ही अगदी सर्रास दिसणारी गोष्ट. थर्मोस्टॅट पाणी साधारण 80 ते 90 अंशांवर ठेवायला मदत करतो. तो नसला की थंडीच्या पहाटे, रिकाम्या गाडीत, उतारावर इंजिन गारच राहतं. गार सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळत नाही, ऑइल घट्ट राहतं, घर्षण वाढतं, लायनर आणि रिंगा लवकर झिजतात. म्हणजे डिझेल जातं आणि इंजिनही जातं. गाडी तापत असेल तर रेडिएटर आतून चोंदलाय का, वॉटर पंपाचा पट्टा ढिला आहे का, पंख्याभोवतीचं काउलिंग जागेवर आहे का ते बघायचं. काउलिंग तुटून गेलेल्या गाड्या हायवेवर पावलोपावली दिसतात. अशा गाडीचा पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच हवा घुसळतो.

पंख्याबद्दल अजून थोडं. पट्ट्यावर कायम फिरणारा पंखा गरज नसतानाही फिरतो आणि त्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते. म्हणून काहीजण तो काढून विजेवरचा पंखा बसवतात. कारला ते ठीक. भरून घाट चढणाऱ्या पिकअपला माझ्या मते सिलिकॉन ऑइलच्या कपलिंगवरचा पंखा जास्त योग्य: तापलं तर घट्ट पकडतो, गार असलं तर सैल सुटतो, आणि वायर, रिले, स्विच असं काहीच नवं जोडावं लागत नाही.

खरी सोपी गाडी करायची तर काय काढायचं? मालकांनी वेळोवेळी हौसेने जे चढवलं ते. लोखंडी बुलगार्ड, केबिनवरचा कॅरियर, हौद्याला वेल्ड केलेले जादा अँगल, ओव्हरलोडसाठी घातलेले जादा कमानपाटे, ही सगळी किलोंची भरती आयुष्यभर फुकट वाहिली जाते. बुलगार्डवर तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे. मग दिवे. 300 वॉटचे जादा दिवे लावले की ती वीज अल्टरनेटर इंजिनाकडूनच घेतो आणि सगळ्या टप्प्यांवरचं नुकसान धरलं तर तासाला 180 मिलिलिटरच्या आसपास डिझेल त्यापायी जळतं. त्यांच्यासाठी ठिकठिकाणी सोलून, पिळून जोडलेल्या वायरी हे जुन्या पिकअपचं सर्वांत मोठं दुखणं आहे. एकदा दिवसभर बसून मेलेल्या वायरी ओढून काढा, प्रत्येक जोडाला फ्यूज द्या, अर्थिंग घासून घट्ट करा. रात्री हायवेवर गाडी बंद पडण्याची निम्मी कारणं संपतील.

काय काढायचं नाही, तेही स्पष्ट सांगायला हवं. नंतरच्या मॉडेलांवर ईजीआर, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवणारी व्यवस्था आणि सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे. ‘पत्रा मारून बंद करून टाका, गाडी मोकळी होईल’ असा सल्ला मिळतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. शिवाय तो धूर आपल्याच बाजारात, आपल्याच शाळांसमोर सोडला जातो. ईजीआर काजळीने अडकला असेल तर उतरवून साफ करा. ते अर्ध्या दिवसाचं काम आहे.

पंप आणि नोझलचं काम मात्र खरोखर पंपवाल्याचंच. डायरेक्ट इंजेक्शनच्या जुन्या इंजिनांत नोझल सुमारे 200 बार किंवा त्याहून अधिक दाबाला उघडते आणि डिझेल धुक्यासारखं फवारते. झिजलेली नोझल धार सोडते. ती धार पूर्ण जळत नाही, काळा धूर होऊन बाहेर पडते. नोझल टेस्टरवर तपासून, दाब जुळवून, नवे तांब्याचे वॉशर घालून बसवणं, टॅपेट फिलर गेजने लावणं, टायमिंग कंपनीच्या खुणेवर आणणं, एवढ्याने मूळचं ॲव्हरेज बरंचसं परत येतं. उलट ‘पिकअप वाढवा’ म्हणून पंपाचा स्क्रू वाढवून घेणारे मालक स्वतःच्या खिशाला भोक पाडून घेतात. हवा तेवढीच असताना डिझेल वाढवलं तर ते जळणार कुठून? पीयूसी केंद्रावर जुन्या डिझेल गाडीला धुराची 65 हार्ट्रिजची मर्यादा असते. त्या आकड्याकडे कटकट म्हणून बघू नका. पंप आणि नोझल बरी आहे की नाही, हे तो आकडा जवळपास फुकटात सांगतो.

एअर फिल्टर झटकून किती दिवस वापरायचा, यालाही हद्द असते. डिझेलच्या पाइपांचे जोड कोरडे असावेत. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर तासाला 180 मिलिलिटर रस्त्यावर जातं. डिझेलमध्ये रॉकेल किंवा दुसरं काही मिसळू नये, कारण पंपातले प्लंजर डिझेलच्याच चिकटपणावर वंगण घेतात. आणि पाइपवर बसवायचे लोहचुंबक, टाकीत टाकायच्या जादूच्या गोळ्या, हायड्रोजनच्या बाटल्या यांवर रुपयाही घालवू नये. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभरावर साधनं तपासली आणि त्यांतल्या एकानेही ॲव्हरेज लक्षणीय वाढवल्याचं तिला आढळलं नाही.

टायरवर मालकाची नजर सगळ्यात कमी असते. नायलॉनऐवजी रेडियल टायर घेतले तर विरोध खरोखर कमी होतो, पण हवा कमी असेल तर तो फायदाही संपतो. पुढचा आणि मागचा दाब वेगळा असतो, भरलेला आणि रिकामा वेगळा. पुस्तिकेत लिहिलेला आकडा बघून, टायर गार असताना, आठवड्यातून एकदा भरा. मग गाडी सपाटीवर न्यूट्रलमध्ये हाताने ढकलून पाहा. दोघांना हलत नसेल तर ब्रेकचे लायनर घासतायत किंवा हबचं बेअरिंग आवळलंय. फेरी संपवून उतरल्यावर चारही चाकांच्या हबजवळ हात नेऊन बघा. एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर तुमचं डिझेल तिथे जळतंय.

हे सगळं एका दिवसात करू नका. आधी टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहा, नेहमीच्या फेऱ्या मारा, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा आणि भागाकार करा. भरलेल्या आणि रिकाम्या फेऱ्यांची नोंद वहीत वेगळी ठेवा. मग एकेक काम करा आणि प्रत्येकानंतर पुन्हा मोजा. तसं केल्याशिवाय कोणत्या कामाचे पैसे वसूल झाले ते कळणार नाही. सुरुवात टायर, ब्रेक आणि थर्मोस्टॅटपासून करा, कारण ती सर्वांत स्वस्त. मग नोझल आणि टॅपेट. एवढं करूनही धूर निळसर येत असेल, ऑइल कमी होत असेल आणि ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर जोराने वाफ येत असेल, तर रिंगा गेल्या आहेत. अशा गाडीवर दुसरा कोणताही खर्च करण्याआधी इंजिन उघडावं लागेल.