फिरते इंजिन रुसते तेव्हा

मोटार सुरू होईना, की घरातले प्रत्येक माणूस तज्ज्ञ बनते. एक म्हणतो बॅटरी, दुसरा म्हणतो पेट्रोल, तिसरा बॉनेट उघडून गंभीर चेहऱ्याने नुसताच आत पाहतो. साध्या मोटारीच्या बाबतीत एखाद्याचा अंदाज बरोबर ठरतोही. परंतु जिचे इंजिन वरखाली न होता गोल फिरते, त्या मोटारीपुढे भल्याभल्यांची मात्रा चालत नाही. इंग्लंडमध्ये मोटारदुरुस्तीच्या धंद्यात माझी तीस वर्षे गेली. या जातीची इंजिने त्यात थोडीच भेटली. पण भेटली त्यांनी पुष्कळ शिकवले.

हे इंजिन जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून निघाले. त्याचा पहिला नमुना १९५७ च्या फेब्रुवारीत एनएसयू या कंपनीत फिरला. नेहमीच्या इंजिनात दट्ट्या सिलिंडरमध्ये वरखाली होतो. येथे दट्ट्या नाही, झडपाही नाहीत. दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखे, कमरेत किंचित दबलेले एक घर, आणि त्यात फिरणारा फुगीर बाजूंचा त्रिकोण, एवढाच संसार! त्रिकोणाच्या तीन बाजूंशी तीन कप्पे होतात. प्रत्येक कप्प्यात पेट्रोलमिश्रित हवा ओढली जाते, दाबली जाते, पेटते आणि बाहेर टाकली जाते.

आता खरी मेख. कप्प्यातला दाब शेजारच्या कप्प्यात निसटू नये म्हणून त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांवर एकेक बारीक पट्टी बसवलेली असते. ती भिंतीला घासत फिरते, आणि मध्ये तेलाचा पातळ थर असतो. बरणीतल्या लोणच्यावरचे तेल जसे हवेला आत शिरू देत नाही, तसाच हा थर दाब राखतो. म्हणून हे इंजिन मुद्दामच थोडे थोडे तेल जाळते. तेल कमी होते म्हणून मालकाने घाबरू नये. ते भरायला मात्र विसरू नये.

या पट्ट्यांनी मोठमोठ्यांना रडवले आहे. एनएसयूची रो-८० ही मोटार १९६७ साली आली आणि तिच्या पट्ट्या लवकर झिजू लागल्या. रस्त्यात दोन रो-८० समोरासमोर आल्या, की मालक एकमेकांना बोटे दाखवत, आतापर्यंत किती इंजिने बदलली त्याची, अशी आख्यायिका आहे! जपानात हिरोशिमा येथे माझदा कंपनीच्या केनिची यामामोटो यांनी सत्तेचाळीस अभियंते घेऊन याच दुखण्याचा पिच्छा पुरवला. भिंतीवर उमटणाऱ्या ओरखड्यांना ते 'सैतानाची नखे' म्हणत. अखेर ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनच्या पट्ट्यांनी त्या सैतानाला आवरले, आणि १९६७ मध्येच त्यांची कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली.

दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्या गल्लीतली एक परिचारिका माझ्याकडे आली. मुलगी मूळची साताऱ्याकडची. तिने हौसेने जुनी, फिरत्या इंजिनाची मोटार घेतली होती.

"काका, गॅरेजवाले म्हणतात इंजिन गेलं. नवं बसवायचं तर गाडीच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येईल. त्यापेक्षा भंगारात द्या म्हणतात."

तिची रात्रपाळी असे, आणि त्या वेळेला बस नव्हती. दुसरी गाडी घ्यायची तर डिसेंबरात आईवडिलांना भेटायला जाण्यासाठी साठवलेल्या पैशांतच हात घालावा लागणार होता.

"शेवटची सुरू केव्हा झाली होती ग?" मी विचारले.

"सोमवारी. सामानाची व्हॅन यायची होती म्हणून दारातून रस्त्यावर घेतली. दहा पावलं असतील. लगेच बंद केली."

निम्मे निदान येथेच झाले. गार इंजिनाला सुरू होताना जादा पेट्रोल मिळते. ते जळण्याआधीच किल्ली फिरवून बंद केले, की ओले पेट्रोल घरातच साचते. पुढच्या खेपेला आणखी पेट्रोल येते, प्लग भिजतात आणि भिंतीवरचा तेलाचा थर धुऊन जातो. तेल नाही म्हणून दाब नाही, दाब नाही म्हणून इंजिन पेटत नाही. मी किल्ली फिरवली. इंजिन अडखळले नाही. नुसते घर्र करून हलकेच भिरभिरले. दाब नसल्याची ही खूण. पेट्रोलचा वासही दरवळत होता.

बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली, कारण मंद फिरणारे इंजिन पेटत नाही. सकाळी मोकळ्या हवेत, आसपास विस्तव नाही अशी खात्री करून, पेट्रोलपंपाचा फ्यूज काढला आणि ठिणगीच्या तारा सोडवल्या. प्रत्येक त्रिकोणाला दोन प्लग असतात, खालचा आणि वरचा. त्यांची जात वेगळी, म्हणून खुणा करून ठेवल्या. प्लग काढून इंजिन थोडे थोडे फिरवले, तसे भोकांतून पेट्रोलचे धुके उडाले. मग प्रत्येक घरात लहान चमचाभर इंजिन-ऑइल सोडले, पुन्हा फिरवून ते पसरवले, नवे प्लग बसवले, फ्यूज आणि तारा जागच्या जागी लावल्या. दर खेपेला आठ-दहा सेकंदच किल्ली धरायची आणि मध्ये स्टार्टरला निवू द्यायचे, हे पथ्य. तिसऱ्या खेपेला इंजिन खोकले आणि पेटले! तेल जळून असा धूर झाला, की समोरच्या आजीबाईंनी खिडकीच लावून घेतली.

पुरते तापल्यावर दाब मोजला. एकाच प्लगच्या भोकासमोरून तिन्ही कप्पे जातात. साधा मापक त्यातला सर्वांत मोठा आकडा तेवढा सांगतो. म्हणून या इंजिनाला वेगळा मापक लागतो. तिन्ही ठोके सारखे पडले. पट्ट्या शाबूत होत्या. त्या डिसेंबरात पोरगी गावी जाऊन आली.

दर वेळी निकाल असा गोड लागतो असे नाही. तापलेल्या इंजिनात तीनपैकी एखादा ठोका पडका लागला, किंवा गार असताना सुरू होणारी गाडी तापल्यावर हटून बसू लागली, तर पट्ट्या झिजल्याचा दाट संशय घ्यावा आणि खर्चाची तयारी ठेवावी. पण पेट्रोलने भिजलेल्या इंजिनाचा दाब मोजून त्याच्या मृत्यूचा दाखला लिहू नये. आधी वाळवावे, तेल द्यावे, तापवावे, मग मोजावे.

२०१२ साली माझदाची आरएक्स-८ बंद झाली तेव्हा या इंजिनाचे दिवस भरले असे वाटले होते. २०२३ मध्ये ते पुन्हा आले, ते विजेवर चालणाऱ्या मोटारीत वीज निर्माण करायला! तेव्हा ही जात अजून टिकून आहे. असे इंजिन कोणाच्या दारी असेल तर एवढेच सांगणे: गार असताना सुरू केलेत तर काटा वर चढेपर्यंत बंद करू नका. दहा पावले हलवायची असेल तर सरळ ढकला. शेजारी हसले तर हसू देत.